हजेरीतला रिकामा रकाना

मुलांनो, बाईंच्या टेबलावरचं हजेरीपत्रक तुम्ही कधी नीट पाहिलंय का? हल्ली पुष्कळ शाळांत मोबाइलवर हजेरी भरतात, पण आमच्या शाळेत ते लांबरुंद पुस्तक अजून आहेच. डावीकडे नावं, वर तारखा आणि मध्ये इवले इवले रकाने. मी वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. झाल्यापासून मी असे किती रकाने भरले असतील, त्याची गणती नाही. पण रिकाम्या रकान्याची किंमत मला कळली ती माझ्या मामेबहिणीमुळे, आणि तीही करंज्या तळता तळता.

ती गोष्ट सांगायची तर आधी माझ्या आईबद्दल सांगायला हवं.

२०१६ सालची गोष्ट. पोळा नुकताच होऊन गेला होता. आईला छातीत गाठ लागली. तिनं ती कुणालाच सांगितली नाही. का? तर शेतात सोयाबीन काढणीला आलं होतं! "सोयाबीन निघू दे, मंग पाहू," असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. दोन महिने गेले. मग एका दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि स्तनाचा कर्करोग निघाला. गावातल्या बायका विचारायच्या, "तंबाखू त खात नव्हती नं ते? मंग कसा झाला?" जणू कॅन्सर फक्त खर्रा खाणाऱ्यांनाच होतो. (खर्रा खाणाऱ्यांना तोंडाचा होतो, हे मात्र खरं. तुमच्या घरात कुणी खात असेल तर हा कंस त्यांना वाचून दाखवा.)

ऑपरेशन झालं. मग केमोथेरपी. म्हणजे सलाइनमधून द्यायची कडक औषधं. ती कर्करोगाच्या पेशी मारतात, पण चांगल्या पेशींनाही सोडत नाहीत. आईचे लांबसडक केस उशीवर गळून पडायचे. पाणी प्यायलं तरी उलटी. एक दिवस मी डॉक्टरांना विचारलं, "आई बरी होईल ना?"

ते म्हणाले, "तुमच्या आईसारख्या शंभर बायका घेतल्या, तर त्यातल्या बहुतेकींचा आजार पाच वर्षांत उलटत नाही. पण तुमची आई त्या शंभरातली कोणती, हे मला आज सांगता येत नाही."

मला रागच आला. मी माझ्या आईचं विचारलं होतं, शंभर बायकांचं नाही!

आई बरी झाली. केस परत आले, आधीपेक्षा जरा कुरळेच. तिचं शेत आणि तिची गाय पुन्हा सुरू झाली. तपासणीला आधी दर तीन महिन्यांनी जायचं होतं, नंतर सहा महिन्यांनी. २०१९ पासून आम्ही जाणंच सोडलं. "मी त चांगली आहो, कायले पैसे घालता?" असं आई म्हणायची आणि आम्हाला ते ऐकायला बरं वाटायचं. पुढच्या वर्षी करोना आला, मग विचारायलाच नको.

दवाखान्यातून मात्र फोन यायचा. वर्षातून एकदा. कुणी ताई विचारायच्या, "पेशंट कशा आहेत?" विचारायच्या गोडच, पण मला त्यात वेगळंच ऐकू यायचं. जणू त्यांना विचारायचं होतं, आहेत का गेल्या? मी "रेंज नाही" असं म्हणून फोन ठेवायची. शेवटी तो नंबर मी मोबाइलमध्ये 'उचलू नये' या नावानं साठवून ठेवला. हसू नका. तुमच्या घरीही असा एखादा नंबर असेल.

आता मामेबहीण. ती वाशीमच्या शाळेत शिकली, अमरावतीला बी.एस्सी. झाली आणि पुढे पुण्याला गेली. ती 'बायोइन्फर्मॅटिक्स' या विषयात पीएच.डी. करते. मराठीत त्याला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. पुणे विद्यापीठात या विषयाचं केंद्र १९८७ सालीच सुरू झालं होतं, म्हणजे विषय तसा नवा नाही, आमच्याकडे पोचायला वेळ लागला इतकंच. २०२३ च्या दिवाळीत ती आमच्याकडे आली. शेजारच्या आजींनी लगेच पाय पुढे केला, "डॉक्टर झाली म्हंतात तू. पाह्य बरं माहे गुडघे." तिनं हसत हसत सांगितलं, "आजी, मी माणसाला हात लावणारी डॉक्टर नाही. मी नुसते रकाने पाहते."

रकाने म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी विचारलं, "कसले गं रकाने?"

"तुझ्या हजेरीसारखेच, ताई. एका ओळीत एक रुग्ण. नाव नसतं, नुसता नंबर. पुढे वय, गाठ केवढी होती, काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचला होता का. त्यापुढे त्या गाठीतल्या जनुकांचे आकडे, कुठलं जनुक जास्त काम करत होतं, कुठलं कमी. ते आकडेच हजारो. आणि अगदी शेवटचा रकाना, पुढे काय झालं? आजार उलटला की नाही? उलटला तर कधी?"

जुन्या रुग्णांच्या ओळी शेवटच्या रकान्यासकट संगणकाला द्यायच्या. आधीच्या कोणत्या आकड्यांचा शेवटच्या उत्तराशी मेळ बसतो, ते त्यानं शोधायचं. मग दुसऱ्याच रुग्णांच्या ओळी द्यायच्या, पण शेवटचा रकाना झाकून. संगणकानं उत्तर सांगायचं, आणि आपण झाकण काढून ताडून पाहायचं. हे झाकून ठेवणं फार महत्त्वाचं, बरं का! नाहीतर संगणक गाईड पाठ केलेल्या मुलासारखा होतो. पाठ केलेली गणितं धडाधड सोडवतो आणि परीक्षेत आकडे बदलले की ठप्प.

२००२ साली नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी हेच केलं. त्यांच्याकडे गोठवून ठेवलेल्या जुन्या गाठी होत्या. त्यातल्या ७८ बायकांच्या गाठींमध्ये त्यांनी सुमारे २५,००० जनुकं तपासली आणि त्यातून ७० निवडली. त्या ७० जनुकांच्या आकड्यांवरून आजार शरीरात दुसरीकडे पसरण्याचा धोका कुणाला जास्त, कुणाला कमी, हे सांगता येऊ लागलं. हा अंदाज नंतर युरोपातल्या ६,६९३ बायकांवर पारखला गेला आणि त्याचा निकाल २०१६ साली छापून आला. काही बायकांना जुन्या पद्धतीनं धोका जास्त वाटत होता, पण जनुकं म्हणत होती, धोका कमी. त्यांच्यातल्या ज्यांनी केमोथेरपी घेतली नाही, त्यांच्यापैकी शंभरात जवळपास ९५ जणींची पाच वर्षं आजार दुसरीकडे न पसरता पार पडली.

म्हणजे त्या बायकांचे केस गळले नाहीत. उलट्या झाल्या नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर आईची ती उशी आली. (आईला तेव्हा औषध द्यायलाच हवं होतं, गाठ मोठी होती, हे बहिणीनं मला नंतर सांगितलं. दोन महिने सोयाबीनचे गेले होते ना.)

"त्या ७८ जणींत," बहीण झाऱ्यानं करंजी उलटवत म्हणाली, "३४ जणींचा आजार पाच वर्षांत पसरला होता. ४४ जणी पाच वर्षं झाली तरी बऱ्या होत्या. आता सांग ताई, त्या ४४ जणी बऱ्या आहेत हे कुणाला कसं कळलं?"

"कुणीतरी विचारलं असेल."

"हां. आणि त्यांनी सांगितलं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आत्याच्या दवाखान्यातून फोन येतो का गं?"

मी कढईखालचा गॅस उगीचच कमी केला.

तिनं ओळखलं. पण रागावली नाही. म्हणाली, "ताई, तुझ्या वर्गातल्या एखाद्या पोरानं तिसरीत टी.सी. नेली तर तू काय करतेस?"

आमच्या गावातली काही घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, काही वीटभट्टीवर. काही पोरं मार्चमध्ये परत येतात, काही कधीच येत नाहीत. समजा, पहिलीत ४० मुलं होती आणि त्यातली कितीजण दहावी पास झाली हे मला सांगायचं आहे. गाव सोडून गेलेल्या दहा जणांचं काय करू? त्यांना नापास धरलं तर तो अन्याय. पास धरलं तर ती थाप. त्यांची नावंच खोडून टाकली तर? तेही चूक, कारण तिसरीपर्यंत ती पोरं माझ्यासमोर बसून शिकत होती, हे तर खरं आहे!

यावर १९५८ साली दोन गणितज्ञांनी उपाय छापला. एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर. गंमत म्हणजे मायर कर्करोगाच्या रुग्णांचा विचार करत होते आणि कॅप्लान समुद्राखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांमधल्या निर्वात नळ्यांचा. नळी किती वर्षं टिकेल? माणूस किती वर्षं टिकेल? गणित एकच निघालं. दोघांनी वेगवेगळे लेख पाठवले होते, ते मग एकत्र करून छापले. त्यांचा उपाय सोपा आहे. जो जितके दिवस हजेरीवर होता, तितके दिवस त्याला मोजायचं. ज्या दिवशी त्याची खबर थांबली, त्या दिवसापासून तो मोजणीतून बाहेर. त्याला पासही म्हणायचं नाही, नापासही नाही.

"म्हणजे आई २०१९ पर्यंत मोजली जाते?" मी विचारलं.

"२०१९ पर्यंत आत्या आहे. त्यानंतर माझ्यासारखीच्या तक्त्यात ती नाही. पण अडचण अशी आहे ताई, की आजार उलटला तर माणूस धावत दवाखान्यात येतो, त्याची नोंद होते. बरा असला तर येत नाही, फोनही उचलत नाही. मग आमच्या तक्त्यात शेवटपर्यंत कोण उरतं? आजारी माणसं जास्त, बरी कमी. अंदाज खऱ्यापेक्षा भीतीचा निघतो. आणि मग एखादी नवी बाई येते, ती विचारते, मी बरी होईन का..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मला ते डॉक्टर आठवले. त्यांनी सांगितलेल्या त्या शंभर बायका कुठून आल्या होत्या, ते आत्ता कुठे मला कळलं. त्या खऱ्याच बायका होत्या. कुणाच्या तरी आया होत्या. आणि त्यांच्या घरच्यांनी फोन उचलला होता.

बार्शीची गोष्टही तिनंच सांगितली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली भारतातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानं आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं मिळून ती केली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. खेड्यातली माणसं आपण होऊन येणार नाहीत हे ओळखून नोंदणीची माणसंच गावोगाव गेली. लोकांशी बोलली, आजाराची लक्षणं समजावली, कोण आजारी आहे, कोण गेलं, ते विचारून लिहून आणलं. तेव्हा तर मोबाइलही नव्हते. आणि मी घरबसल्या आलेला फोन कापत होते!

तेवढ्यात आई गोठ्यातून आली. तिनं मधलंच काहीतरी ऐकलं होतं. "माहं नाव पुण्याच्या काम्पुटरात आहे?" ती घाबरून म्हणाली. "गावात समजंल की!" बहिणीनं तिला समजावलं की नाव, गाव काही तिच्यापर्यंत येत नाही, आधीच काढून टाकलेलं असतं. आईला ते पटलं, पण तिला दुसरी शंका आली. "त्या गोऱ्या बायकाईचं गणित आपल्याले चालते का?"

मुलांनो, माझी आई चौथी शिकलेली आहे. पण तिची शंका ऐकून बहिणीनं झाऱ्याच खाली ठेवला. म्हणाली, "आत्या, माझे सरपण हेच विचारतात."

आता हे नीट समजून घ्या. मी वर्गात 'मला' लिहायला शिकवते, पण आमची पोरं घरी 'मले' म्हणतात. नवीन आलेले एखादे पुण्याकडचे गुरुजी प्रत्येक 'मले'खाली लाल रेघ मारतील. पण ती चूक आहे का? नाही, ती आमची वऱ्हाडी आहे. जनुकांचंही तसंच. प्रत्येक प्रदेशातल्या माणसांच्या जनुकांत काही साधे, निरुपद्रवी फरक असतात. संगणकाला ते माहीत नसले तर तो त्यांनाही कर्करोगाची खूण समजेल. म्हणून नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे, तिथल्या डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेनं ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांवरून अशा साध्या फरकांची एक यादी केली आणि २०१६ साली ती सर्वांसाठी खुली केली. एक लाखाहून जास्त फरक आहेत त्यात. एक लाख 'मले'!

आणि बंगळूरला डॉ. मंजिरी बाकरे यांनी २०११ साली ऑन्कोस्टेम ही कंपनी काढली. परदेशातल्या जनुकांच्या चाचण्या फार महाग पडतात. म्हणून त्यांनी गाठीतली फक्त पाच प्रथिनं घेतली. गाठीचा आकार, तिची प्रत आणि काखेतल्या गाठींची स्थिती ही माहिती त्यांना जोडली. संगणक त्यावरून १ ते १०० मधला एक गुण देतो. १५.५ पर्यंत गुण असला तर पाच वर्षांत आजार उलटण्याचा धोका कमी, वर गेला तर जास्त. (इथे कमी गुण मिळवणारा हुशार!) स्तनाच्या कर्करोगाच्या एका ठरावीक प्रकारात, तेही सुरुवातीच्या टप्प्यावर, ही चाचणी चालते. तिच्या पाठीमागे काय आहे? तर भारतातल्या दवाखान्यांत मेणाच्या वड्यांमध्ये जपलेले गाठींचे तुकडे, आणि त्या बायकांचं पुढे काय झालं याची नोंद.

"मग तुझा संगणक चुकत नाही का कधी?" मी विचारलं. मास्तरणीला चुका शोधल्याशिवाय राहवत नाही.

"संगणक सोड, माणसं चुकतात," ती म्हणाली आणि एक गोष्ट सांगितली. २००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी जाहीर केलं की गाठीतल्या जनुकांवरून कोणाला कोणतं औषध लागू पडेल ते सांगता येतं. सगळीकडे कौतुक झालं. पण टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन केंद्रातले दोन संख्याशास्त्रज्ञ, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स, यांनी तीच गणितं पुन्हा मांडून पाहिली. जुळेनात. शोधता शोधता दिसलं की यादीतली जनुकांची नावं एक ओळ सरकली होती. काही ठिकाणी तर 'लागू पडतं' आणि 'लागू पडत नाही' ही लेबलंच उलटी लागली होती. आणि तोवर खऱ्या रुग्णांवर त्या अंदाजानं औषधं ठरवणं सुरू झालं होतं! २०१० साली त्या चाचण्या कायमच्या बंद केल्या आणि लेख मागे घेणं सुरू झालं. पुढे चौकशीत काही आकडे खोटे असल्याचंही निघालं.

ती एक ओळ ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण एका वर्षी निकालपत्रक भरताना माझीही ओळ सरकली होती. सात नंबरचे गुण आठ नंबरला, आठचे नऊला. वर्गातली सगळ्यांत अभ्यासू मुलगी गणितात नापास झाली आणि दोन दिवस घरी रडत बसली. तिची आजी शाळेत आली नसती तर मला कळलंही नसतं. मी त्या मुलीची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली होती. आता ती नर्सिंगला आहे.

बहिणीचं निम्मं काम हेच असतं म्हणे, ओळी सरकल्यात का ते पाहायचं. आमच्या तालुक्याला कुणी मंगरूळपीर लिहितं, कुणी मंगरूळनाथ. संगणकाला वाटतं ही दोन गावं. माझ्या पहिलीच्या दाखल्यावर जिल्हा अकोला आहे, कारण वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. मी जागची हलले नाही, पण कागदावर माझे दोन जिल्हे!

भाऊबीज झाली, बहीण पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी मी 'उचलू नये' हा नंबर काढला आणि स्वतःच लावला. त्याच ताई होत्या. मी आईचं नाव सांगितलं, नोंदणी क्रमांक जुन्या फाइलवरून वाचून दाखवला आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. तेवढ्यात आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"हां, मीच बोलून राह्यली. आहो नं, जिवंत आहो. परवा साठ करंज्या तळल्या... गाव? मंगरूळपीर लिहा, मंगरूळनाथ नोका लिहू. अन् हे पाहा, नीट लिहा, वरच्या बाईच्या नावावर नोका लिहू."

पलीकडून त्या ताईंचं हसणं मला ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, शेवटची तपासणी कधी झाली? आई माझ्याकडे पाहू लागली आणि मी जमिनीकडे.

डिसेंबरात आम्ही गेलो. सगळ्या तपासण्या झाल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, काही नाही, सगळं छान आहे. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, आई मात्र उठून थेट नोंदणीच्या खिडकीशी गेली. तिथल्या ताईंना म्हणाली, "दाखवा बरं, कुठं लिहिलं ते." त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला. सगळं इंग्रजीत होतं, आईला त्यातलं काही वाचता येत नाही. ताईंनी बोट ठेवून दाखवलं. आधी २०१९ ची एक तारीख होती आणि तिच्यापुढे त्या दिवशीची.

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि त्या काचेवर स्वतःचं बोट ठेवून म्हणाली, "अन् इकडचे चार वर्ष? तेबी भरा की. मी घरीच होती."